ढिगाच्या तळाशी

टिबडोने हेल्मेटच्या जाळीतून बोट आत घातलं आणि समोरच्याचा डोळा चाचपायला सुरुवात केली. बोट नाकपुडीत गेलं. त्याने तेही चालवून घेतलं आणि बोट वर दाबलं.

"आई गं! टिब, तूच ना रे?" जाळीमागून आवाज आला. "नखं काप की लेका."

आवाज मार्सेलस ग्रीरचा होता. गेल्या वर्षापर्यंत दोघं बेल्डन कॉलेजात एका खोलीत राहत. उन्हाळ्यात ग्रीर मोठ्या विद्यापीठाच्या संघात निघून गेला, आणि टिबडोने त्याच्याशी बोलणं सोडलं. आज पहिल्यांदाच गाठ पडली होती, तीही अशी.

दोघांच्या अंगावर दोन्ही संघांचे दहाबारा धिप्पाड देह पडले होते. अमेरिकन फुटबॉलचा तो लांबट चेंडू कुणाच्या तरी हातून निसटला होता आणि आता या दोघांच्या छात्यांमध्ये अडकला होता. पंच एकेकाला उपसत तळाशी पोचतील तेव्हा तो ज्याच्या मिठीत सापडेल, त्याचा. बेल्डन गुणांत थोडंसं पुढे होतं. चेंडू मिळाला की सामना संपला, आणि स्पर्धेच्या नव्या, वरच्या गटात पहिल्याच वर्षी अजिंक्यपद.

बेल्डन या गटात आलं तेव्हा वर्तमानपत्रांनी श्रद्धांजलीचा मजकूर जवळजवळ तयार ठेवला होता. जुन्या गटात समोर शेतकी कॉलेजं असत आणि भावी पाद्री असत. इथली पोरं उंच, वेगवान आणि धष्टपुष्ट. कोच हॅकेटने ओळखलं, उभ्याने यांना हरवणं शक्य नाही, आडव्याने जमेल. उन्हाळाभर त्याने संघाला कुस्तीच्या हॉलमध्ये कोंडलं, दिवे घालवले आणि चेंडू आत फेकला. मांडीला चिमटा, घशावर कोपर, बोट उलटं वाकवणं हे सगळं अंधारात पाठ झालं. सर्वांत महत्त्वाचा धडा शेवटी.

"ओरडायचं," हॅकेट म्हणे. "पाय मोडला म्हणा, मान गेली म्हणा. समोरचा सज्जन असेल तर पकड ढिली करेल."

गटात सज्जन अपेक्षेपेक्षा बरेच निघाले. बेल्डन अख्ख्या हंगामात एकदाच हरलं. गावातल्या चर्चमध्ये दर रविवारी हॅकेटच्या पोरांच्या घशांसाठी प्रार्थना होऊ लागली. समोरच्या संघांच्या मनगटांसाठी करायचं कुणाला सुचलं नाही.

ही युक्ती हॅकेटला सुचली होती मागच्या वर्षी, ग्रीरला बघून.

"टिब, ऐक," ग्रीर म्हणाला. "मला माझे हात जाणवत नाहीयेत."

"हो का? मला तुझं कोपर जाणवतंय."

"खरंच रे."

"मागच्या वर्षी सरावात तुझी बरगडीही अशीच 'खरंच' मोडली होती. मी सोडलं, आणि जेवताना माझ्या ताटातलं चिकनही तूच ओढलंस."

वरून कुणाचा तरी गुडघा टिबडोच्या कमरेत घुसला. त्याच्या पोटरीला कुणीतरी चावत होतं. बहुधा आपल्यातलाच, घाईत. टिबडोने चेंडूभोवतीच्या बोटांतली करंगळी शोधली आणि मागे वाकवली. आणखी वाकवली. कट्कन आवाज आला. तो किंकाळीची वाट बघत राहिला.

"तुझी आई अजून मक्याचा ब्रेड पाठवते का रे?" ग्रीरने विचारलं. आवाज तसाच होता, सरळ.

टिबडोचा हात थांबला. चेंडू मात्र थांबला नाही. तो आपणहून, कुणी न ओढता, त्याच्याकडे घरंगळत आला.

उजेड आला. पंचांनी शेवटचा देह उचलला आणि हात बेल्डनच्या दिशेने केला. स्टेडियम दणाणलं. बँडने ढोल बडवायला घेतले. ग्रीर उताणा पडला होता, दोन्ही हात छातीवर वाकलेले, मधे काहीच नव्हतं.

"नाटक करतोय!" हॅकेट मैदानाच्या कडेवरून ओरडला. "त्याला मीच घडवलंय!" त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

पंच घुटमळले. त्यांनी हॅकेटला विचारलं, "हा तुमच्याकडचाच ना? ऊठ म्हणावं त्याला."

"हलवू नका," टिबडो म्हणाला. तो ग्रीरच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसला, त्याचं हेल्मेट मांड्यांत घट्ट धरलं आणि दोन्ही बाजूंनी पंजे लावले. चेंडू गवतावर पडला. बेल्डनची पोरं हेल्मेटं काढून टिबडोला खांद्यावर घ्यायला धावत आली. पहिल्याने त्याच्या काखेत हात घातला. टिबडोने डोकं मागे झटकलं आणि त्याचं स्वतःचं हेल्मेट त्या पोराच्या उघड्या तोंडावर आदळलं. दात गवतात उडाले. बाकीचे जागीच थांबले. पंचांनी नियमभंगाचा पिवळा रुमाल फेकला. पण आपल्याच माणसाला मारल्याबद्दल शिक्षा काय, हे त्यांना आठवेना.

"स्ट्रेचर!" टिबडो ओरडला. "डॉक्टर! अरे, खरं बोलतोय मी!"

डॉक्टरने हॅकेटकडे बघितलं. मग दुसऱ्या संघाच्या कोचकडे. मग तो चालत निघाला आणि अर्ध्या वाटेवरून पळू लागला.

"टिब," ग्रीर आकाशाकडे बघत म्हणाला, "बॉल कुणाकडे आहे?"

टिबडोने गवतावर नजर टाकली.

"तुझ्याकडे."

"वाटलंच," ग्रीर म्हणाला. "कसा सोडेन मी?"