चौथ्या मजल्यावरची चप्पल

मित्रांनो, मी लिफ्ट आहे. जुनी म्हणा, हरकत नाही. मोडकी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. पाच मजल्यांच्या या इमारतीत चव्वेचाळीस वर्षं मी खाली-वर करते आहे. जरा टेकले की घंटी वाजते. गेले तर म्हणतात उशिरा आली, थांबले तर म्हणतात बंद पडली.

आजकालच्या लिफ्टची दारं आपोआप मिटतात. माझं तसं नाही. मला लोखंडी जाळीचं एक दार माझं स्वतःचं, आणि दुसरं प्रत्येक मजल्यावरचं. दोन्ही दारं हातानं ओढून खटका बसला, तरच मी हलते. बोटभर फट राहिली तरी जागची हलणार नाही. लोक याला हट्ट म्हणतात. उघड्या दाराच्या लिफ्टमध्ये तुम्ही आपलं लेकरू बसवाल का? मग हट्ट कसला तो, अक्कल आहे ती.

मला घडवलं तेव्हा आत सागाच्या फळ्या लावल्या, पितळेची बटणं बसवली, समोर आरसा. पहिल्या दिवशी माणसं ठेवणीतले कपडे घालून नुसती वर जाऊन खाली आली. तेव्हा माझ्यात स्टूलवर एक काका बसायचे. दार उघडणं-लावणं त्यांच्याच हातात. इतक्या अलगद लावायचे, की खटका बसलेला फक्त त्यांना आणि मला कळायचा. सव्वीस वर्षांत मी एकदाही अडकले नाही. लोक कौतुक माझं करायचे, पण खरं सांगते, त्यातलं अर्धं काकांचं होतं.

काका थकले, घरी गेले. इमारतीच्या बैठकीत ठरलं की आता माणूस ठेवायचा नाही, दार लावायला काय शिक्षण लागतं? नाहीच लागत. तरी वीस बिऱ्हाडांत तिघांनाच ते नीट जमतं.

बाकीच्यांचं काय सांगू. एकजण बटण एकदा दाबून थांबत नाही, आठ-दहा वेळा दाबतो. अरे बाबा, मला पहिल्यांदाच ऐकू आलंय. दुसरीला खाली जायचं असतं आणि आत शिरून बटण दाबते वरच्या मजल्याचं. तिसरा एक पाय आत, एक बाहेर ठेवून फोनवर सांगतो, "निघालोच, लिफ्टमध्येच आहे." खोटंही म्हणता येत नाही त्याला. कचऱ्याची गळकी पिशवी घेऊन येतात, आणि वर माझ्याच आरशात बघून नाक मुरडतात.

पण सगळ्यांत वाईट खोड चपलेची. घरात काही विसरलं की पायातली चप्पल काढायची, माझ्या दारात अडकवायची आणि आत जायचं, म्हणजे लिफ्ट दुसरा कुणी नेणार नाही. मजल्यामजल्याची चप्पल मला ओळखू येते. खालचे जाळीवर किल्ल्या आपटतात, "दाऽऽर" म्हणून ओरडतात. चप्पल दुसऱ्याची असली की सगळे संतापतात. आपली असली की दोनच मिनिटं असतात.

चौथ्या मजल्यावर घड्याळवाले आजोबा राहतात. मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालतात, त्यामुळे त्यांचा जिना म्हणजे मी. ते घरीच बसून घड्याळं दुरुस्त करायचे. मग डाव्या डोळ्यानं रजा घेतली, उजव्यात मोतीबिंदू पिकला. लोकांची सतरा घड्याळं त्यांच्या खणात बंद पडून आहेत. दुसरीकडे न्या म्हटलं तरी कुणी नेत नाही. पाच महिने वाट पाहून त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दवाखान्यानं बजावलं होतं, सकाळी आठच्या आत या, नाहीतर नंबर जाईल.

त्या दिवशी सात वाजता त्यांची सून बाहेर आली. मला बोलावून घेतलं, आपली निळी चप्पल दारात अडकवली आणि सासऱ्यांना तयार करायला आत गेली. मी म्हटलं, आज चालेल. कामच तसं आहे.

आजोबांची बटणं लागायला वेळ लागतो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दुसऱ्या मजल्यावरून घंटी सुरू झाली. तिथे एकजण राहतो, टायवाला म्हणतात त्याला. दुकानादुकानांत औषधं खपवायला जातो, आणि रोजच त्याला उशीर झालेला असतो. शेवटी तो धापा टाकत दोन मजले चढून आला.

"यांच्या बापाची लिफ्ट आहे जणू," म्हणाला, आणि चपलेला लाथ मारली. ती जिन्याच्या वळणावर जाऊन पडली. तो माझ्यात शिरला, खाली उतरला आणि जाताना सगळा राग दारावर काढला. असं आपटलं की खटक्याचं पान, म्हणजे त्याची पातळ पट्टी, वाकलं. मला ते कळलं. सांगणार कुणाला?

वर आजोबा कागदांची पिशवी गळ्यात अडकवून दारापाशी आले.

"कुठंय गं?"

"इथंच ठेवली होती, बाबा," सून म्हणाली. ठेवली होती म्हणे, मी काय भाजीची पिशवी आहे?

तिनं बटण दाबलं. मी हललेच नाही. एका पायात चप्पल घालून ती चार मजले धावत खाली आली, दार उघडून लावलं, पुन्हा लावलं, कपाळ जाळीला टेकून उभी राहिली. पुरुषमाणसं कामाला गेली होती. जिना अरुंद, त्यात खुर्ची वळत नाही.

"जिना आहे ना," वरून आजोबांचा आवाज आला. "बसून उतरतो."

मित्रांनो, माझ्याभोवतीच तो जिना फिरतो. बहात्तर पायऱ्या आजोबा एकेक करून बसत उतरले, आणि त्यातली प्रत्येक मी खाली उभी राहून ऐकली. मध्येच सून रडायला लागली, तर म्हणाले, "रडून पायऱ्या कमी होतात का? वॉकर धर नीट." ते खाली आले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

दहाच्या सुमाराला दोघं परत आली. नंबर गेला होता. नवी तारीख सात आठवड्यांनी. वर जाता येईना, म्हणून आजोबा खालीच स्टूलवर, माझ्यासमोर बसून राहिले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं मला, आणि तोंड फिरवायची सोयही नाही.

दुपारी मेकॅनिक आला. "आजोबा, हा माल आता मिळत नाही. नवी लिफ्ट बसवा."

"काय झालंय?"

"खटक्याचं पान वाकलंय."

"माझा हात तिथं ने."

मेकॅनिकनं त्यांचं बोट खटक्यावर ठेवलं. आजोबांनी अंगठ्यानं पान चाचपलं, एकदा, दोनदा. "एकदम सरळ करू नको, तुटेल. मुळापाशी धर. आता केसभर माझ्याकडे घे. अजून. बास." दार लागलं. कितीतरी वर्षांनी तो आवाज झाला, फक्त त्यांना आणि मला ऐकू आलेला. मी त्यांना वर नेलं, आणि एकही हिसका बसू दिला नाही.

रविवारी माझ्यासमोरच बैठक भरली. सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टचा भरवसा राहिला नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात सून उठली. "चप्पल माझी होती. लिफ्टला कशाला नावं ठेवता?"

मग टायवाला खाली बघत म्हणाला, "दार मी आपटलं होतं. आजोबा, त्या तारखेला मी सुट्टी घेतो. पहाटेपासून लिफ्टपाशी उभा राहतो."

"एक दिवस उभा राहून काय दिवे लावणार आहेस?" आजोबा म्हणाले. "रोज दार हळू लाव. पान एकदा वाकून सरळ झालंय, आता वाकलं तर तुटेलच. मग तू उभा राहा नाहीतर झोप."

माझा निकाल त्या तारखेनंतर लावायचं ठरलं. त्याची मला फिकीर नाही. मला त्या म्हाताऱ्याला एकदा खाली पोचवायचंय, आठच्या आत. अजून एकोणीस दिवस आहेत. आठवडाभर सगळे शहाण्यासारखे वागले. आता पुन्हा ज्याला त्याला घाई आहे. दिवसाला शंभरेक वेळा दार लागतं आणि शंभर वेळा मी पान शाबूत आहे ना ते बघते.

मित्रांनो, दार लावायला तीन सेकंद लागतात. तुमच्या त्या तीन सेकंदांवर वरच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी डोळा अवलंबून असतो, आणि तो कोण, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आत्ताच तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी उतरलंय. फोन खांद्यानं कानाशी दाबलाय, दोन्ही हातांत पिशव्या आहेत, आणि दार लोटायला पाय उचललाय.

अहो, पिशव्या खाली ठेवा.