अळणी कथांची दुसरी आवृत्ती

साधं लिहिणारा म्हणून ज्याचं नाव मासिकांचे जुने वाचक अजून काढतात, त्याच्या कथा पुन्हा छापायच्या की नाही, हे संपादकसाहेबांच्या हातात होतं. तीस वर्षांपूर्वी याच प्रकाशनाने काढलेली पहिली आवृत्ती गोदामात सडली होती. आता लेखकाची मुलगी मागे लागली होती. बाबा गेले, पुस्तक कुठे मिळत नाही, एकदा वाचून तरी बघा, एवढंच तिचं म्हणणं.

साहेबांनी उपकार केल्यासारखं पुस्तक घरी नेलं. हा माणूस त्यांना तेव्हाही अळणीच वाटला होता. पण म्हटलं, देऊ आणखी एक संधी, आपल्या बापाचं काय जातं? आणि काय सांगावं, दुसऱ्याच पानावर त्यांनी कपाळाला हात लावला. आई मुलाला बसमध्ये बसवून देते, तर तिचे डोळे म्हणे ‘वेदनेचे अथांग सागर’. अहो, साधेपणा तो हाच का? साहेबांनी फुली मारली. सतरा कथांत एकशे बारा फुल्या झाल्या. नाव मोठं लक्षण खोटं, असं म्हणून त्यांनी नकार कळवला.

मुलगी दुसऱ्या दिवशी हस्तलिखित घेऊन हजर. ती शाळेत गणित शिकवायची. वाद घालण्यापेक्षा ताळा करून दाखवायची सवय. तिने फुल्यांचं पुस्तक आणि हस्तलिखित शेजारी शेजारी उघडून ठेवलं. हस्तलिखितात आईने खिडकीतून पिशवी दिली होती, बस्स. सागर समासात होता, हिरव्या शाईत. जिथे जिथे फुली, तिथे तिथे हिरवी शाई.

साहेबांनी आपलं अक्षर ओळखलं. नोकरीचं पहिलं वर्ष होतं, कथा अळणी म्हणून त्यांनी मीठमसाला लावला होता. पुढे शेकडो पुस्तकं हाताखालून गेली, कोण लक्षात ठेवतो? आता मात्र त्यांना मनापासून लाज वाटली. लेखकाने हरकत कशी घेतली नाही, असं त्यांनी चाचरत विचारलं.

“बाबा म्हणाले, पोरगा नवा आहे, हौसेने केलंय, राहू दे,” ती म्हणाली. “त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही.”

पुस्तक हस्तलिखितावरूनच छापायचं ठरलं. आठवड्याभरात साहेबांनी चार पानी प्रस्तावना तिच्यापुढे ठेवली. पश्चात्तापाचा वणवा, अपराधाचा काळोख, सगळं होतं. मुलांचे पेपर तपासावेत तशी ती एकेक ओळ खोडत गेली. शेवटी एकच वाक्य उरलं: ‘पहिल्या आवृत्तीतली सजावट माझी होती.’

तेवढ्याखाली सही करायला साहेबांना चार पानं लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.