जनावर थंड होईपर्यंत

आमच्या कत्तलखान्यात एक यहुदी आजोबा होते. त्यांच्या लोकांसाठी जनावर नियमाने कापलं जातंय ना, हे पाहून ते मांसावर शिक्का मारायचे. ते सोडून तिथेच मांस कापणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला शहाणपण शिकवायची त्यांना काय गरज होती, देव जाणे.

"गळा नियमाने चिरला की पुढे लगेच कापलेलंही आम्हाला चालतं," ते त्याला म्हणाले. "तुला नाही. जनावर तडफडत असताना कापलेला तुकडा तू खायचा नाहीस. महापुरातून वाचलेल्या नोहाच्या सगळ्या लेकरांना, म्हणजे सगळ्याच माणसांना, देवाने सात नियम दिलेत, त्यातलाच हा."

भावाने घरी येऊन सातही पाठ म्हणून दाखवले. मी म्हटलं, "वा! सवलत त्यांना आणि पथ्य आपल्याला?" पण तो पडला भोळा सांब. तेव्हापासून जनावर पुरतं थंड होईपर्यंत सुरी लावेना.

त्या दिवशीही त्याने जनावरं पुढे सरकवणारा पट्टा थांबवला होता. मालक तरातरा आला आणि शिव्या घालत त्याने स्वतःच पट्टा चालू केला. जनावराने लाथ झाडली, सुरी भावाच्या तळहातात घुसली. दोन बोटं कायमची लुळी पडली.

आणि चौकशीत मालक म्हणतो कसा, "याचाच हलगर्जीपणा. भरपाई कसली? आधी कामावरून काढा." चोराच्या उलट्या बोंबा!

चौकशीच्या साहेबांनी आजोबांना काय घडलं ते विचारलं.

"मांस शुद्ध होतं," एवढंच आजोबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "त्या सातांत न्यायाचाही एक नियम आहे ना, आजोबा? सगळीकडे न्यायालयं बसवा म्हणून? तोही आम्हीच पाळायचा? मग साक्षीला कोणाला आणू, त्या मेलेल्या जनावराला?"

"तुमचं मांस शुद्ध आहे ना?" मालक घाईघाईने आजोबांना म्हणाला. "मग तुम्ही या भानगडीत कशाला पडता?"

आजोबा उठले.

"पट्टा यांनी चालू केला. मी पाहिलं. हा पोरगा माझ्या शब्दाखातर थांबला होता."

मालकाचा चेहरा पडला. साहेब लिहू लागले. आणि आमचा वेडा, चांगल्या हाताने आजोबांचा हात धरून रडायला लागला. मला नाही रडू आलं. मला संताप आला.

"महिनाभर सगळे याला निष्काळजी म्हणत होते," मी विचारलं, "तेव्हा तुम्ही इथेच होतात ना?"

आजोबांनी मान खाली घातली.

"होतो," ते म्हणाले.