पुरुषांचं दुखणं

"आणि वडील?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

बाइंडर तोंड उघडणार तोच ताईने उत्तर दिलं. वडील जेवता जेवता गेले, पन्नाशीही गाठली नव्हती. काका कामावर, थोरला भाऊ झोपेत. पाढे म्हणावेत तसं सगळं सांगून ती म्हणाली, "आता हा एकच उरलाय."

हे वाक्य ऐकत ऐकतच बाइंडरचे केस पांढरे झाले होते. आईने जाताना त्याचा हात ताईच्या हातात दिला, तेव्हापासून तिने धाकट्या भावाला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. त्या नादात तिचं लग्न राहूनच गेलं. त्याच्यासाठी वेगळं, बिनमिठाचं रांधायची. त्याने नाक मुरडून टाकलेलं तेलमीठ घालून परतायची आणि स्वतः खायची, अन्न वाया कशाला घालवायचं म्हणून. घर आणि पुस्तकं बांधायची खोली, दोन्ही तिसऱ्या मजल्यावर. कागदाचे गठ्ठे तीच वर न्यायची. त्याला वजन उचलायची बंदी होती. तो मागून मोकळ्या हातांनी जिना चढायचा आणि गच्चीवर जाऊन चोरून सिगारेट ओढायचा. आयुष्यात केलेला तेवढाच काय तो पराक्रम.

तपासण्या चांगल्या आल्या होत्या. "हृदय ठणठणीत आहे तुमचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ती सिगारेट तेवढी सोडा."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. बाइंडरला तिथून कधी एकदा उठतो असं झालं.

"घरातल्या बायकांचं काय?"

"बायकांचं?" ताई हसली. "आमच्याकडे हे दुखणं पुरुषांचं. बायकांना कुठली एवढी उसंत? आत्या गेली लवकर, पण ती अशक्तपणाने. भांडी घासता घासता पडली."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. ताईचा हात मघापासून जबड्यावर होता. दाढ दुखतेय का, त्यांनी विचारलं. हो, पण जिना चढतानाच ठणकते, ताई म्हणाली, बसलं की थांबते. डॉक्टरबाईंनी रक्तदाबाचा पट्टा पुढे ओढला. "बाही वर करा. तुमचाही कार्डिओग्राम काढू या."

ताईने भावाकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"ताई, गिऱ्हाईक खोळंबलं असेल," तो म्हणाला. "दाढेचं नंतर बघू."

"मी काय, सोबतीला आलेय," ताई डॉक्टरबाईंना म्हणाली आणि उठली. उद्या सकाळी नक्की या, असं त्या दोनदा म्हणाल्या.

येताना कागदाचा गठ्ठा घ्यायचा होता. तो तिनेच घेतला. दुसऱ्या मजल्यावर ती पायरीवर टेकली. कपाळावर घाम होता.

"कधीपासून ओढतोस?"

तो कठड्याकडे बघत राहिला.

"बिनमिठाचं रांधण्यात जन्म गेला रे माझा," ती म्हणाली.

त्याला राग आला. स्वतःचाच असेल, पण तो पुढे निघून गेला. कुलुपात किल्ली फिरवली तेव्हा खाली गठ्ठा सुटल्याचा आवाज आला, आणि कोरे कागद पायऱ्यांवरून घसरत गेल्याचा.

दुपारी तिला न्यायला माणसं जमली. बाइंडर पुढे झाला आणि तिच्या डोक्याकडची बाजू धरायला वाकला. शेजारच्या काकांनी त्याचा हात हळूच बाजूला केला. "तुम्ही नका. तुमच्या घरात ते हृदयाचं आहे ना? ताई किती जपायच्या तुम्हाला."

कुणीतरी त्याच्या गोळ्यांची पिशवी ताईच्या खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. ती धरून तो सगळ्यांच्या मागून तिन्ही जिने उतरला.

खाली पोचल्यावर एकाने त्याच्यासाठी खुर्ची आणली. बसायची गरज नव्हती. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.