स्टेअरिंगवरची टोपी

आमच्या ट्रकमध्ये कायदा एकच. सीटमागच्या अंथरुणातून जो खाली उतरेल, त्यानं आपली टोपी स्टेअरिंगवर लटकवायची. टोपी दिसली की समजायचं, स्वारी संडासला गेलीय, गाडी हलवायची नाही. दिवसा मी चालवते आणि माझा नवरा व्हर्लन पडद्यामागे घोरतो. रात्री तो चालवतो आणि मी घोरते. एकोणीस वर्षांत हा कायदा कुणी मोडला नव्हता. मोडला तो माझ्या नवऱ्यानं, आणि कशापायी, तर टकलापायी!

त्या शुक्रवारी मी आधीच धुमसत होते. आमच्या गावच्या, जॉप्लिनच्या शाळेनं मला बस चालवायचं काम देऊ केलं होतं. सकाळी पोरं आणायची, दुपारी सोडायची आणि रोज घरी. पाचच्या आत हो म्हणायचं, नाहीतर दुसरी बाई तयारच होती. आठवडाभर मी व्हर्लनला सांगू सांगू म्हणत होते. पण या बाबाला घरात चौथ्या दिवशी अंगाला खाज सुटते. मी उतरले तर हा एकटाच पुढे निघून जाईल, या भीतीनं माझी जीभ रेटत नव्हती.

शॅमरॉकच्या ट्रक स्टॉपवर मी डिझेल भरलं, तोंड धुतलं, परत आले. स्टेअरिंगवर टोपी नव्हती, पडदा ओढलेला होता. निघाले.

दोन वाजले होते. म्हटलं, नडीन, आता नाही तर कधीच नाही. त्याच्या तोंडाकडे बघून जमत नव्हतं, पडद्याकडे पाठ करून जमलं. शाळा, बस, पाच वाजेपर्यंतची मुदत, सगळं सांगितलं. मग त्याच्या मोज्यांच्या वासावर आले. तिथून त्याच्या आईवर.

पडदा गप्प.

"रुसलास ना? रूस! ओमाहा ते डेन्व्हर एक अक्षर बोलला नव्हतास, मी काय मेले?"

तरी गप्प. असा राग आला म्हणता! तेवढ्यात मागे त्याचा फोन वाजला. वाजला, थांबला, परत वाजला. "अरे मेल्या, उचल की!" म्हणून मी ओरडले, गाडी कडेला घेतली आणि पडदा खस्सकन ओढला.

चुरगळलेली गोधडी. वाजणारा फोन. आणि ग्लासात व्हर्लनची कवळी.

"बाई," फोनवर शॅमरॉकच्या ट्रक स्टॉपवरची वाढपी म्हणाली, "इथे एक पायजम्यातला माणूस तुमचा आहे म्हणतो. त्याला स्वतःचा सोडून कुठलाच नंबर आठवत नाही."

"टोपी आहे डोक्यावर?"

"आहे. दात नाहीत."

म्हणजे चार लोकांत टक्कल दिसू नये म्हणून टोपी घालून उतरला, आणि दात विसरला. ऐंशी मैल मागे फिरले. मालात फिनिक्सला पोचवायच्या गोठवलेल्या कोंबड्या होत्या, त्यांना काय, त्या गारच.

कवळी हातात घेऊन मी आत गेले, तर हा पठ्ठ्या बाकावर बसून केळ्याचं पुडिंग चाटत होता. मला बघून उठला.

"ऐंशी मैल तुला कळलं नाही?" तो फसफसत म्हणाला.

"मी बोलत होते."

"कुणाशी?"

"तुझ्याशी."

"मग मी काय म्हणालो?"

"काही नाही. नेहमीसारखंच."

तो हसला. ते बोळकं तोंड बघून मलाही हसू आलं, आणि मग एकदम रडूच कोसळलं. ऐंशी मैल जे घडाघडा बोलले होते, त्यातलं धड एक वाक्य तोंडातून येईना. बस म्हणाले, शाळा म्हणाले, पाच वाजता म्हणाले. "एकोणीस वर्षं मी तू गरम केलेल्या अंथरुणात झोपतेय रे," मी म्हणाले, "तुझ्याबरोबर कधी झोपलेय? तू निजलास की मी जागी, मी निजले की तू जागा. मला तुझ्या शेजारी झोपायचंय. एकाच वेळी. घोर हवं तर."

व्हर्लननं माझ्या हातातली कवळी घेतली, पाठ फिरवून तोंडात बसवली आणि ट्रकमध्ये चढला. झालं, म्हटलं, आता पडदा ओढणार आणि फिनिक्सपर्यंत मौन.

मी माझ्या बाजूनं चढले. तो मागे गेलाच नव्हता, शेजारच्या सीटवर बसला होता. डोकं उघडं, टक्कल भर उन्हात चमकत होतं. त्याची टोपी माझ्या स्टेअरिंगवर लटकत होती.

"अरे, तू तर आत बसलायस," मी म्हणाले.

"हो. पण कायमचा उतरलोय." त्यानं घड्याळाकडे बोट केलं. पाचला वीस कमी होती. "शाळेला फोन लाव. आणि विचारून घे, त्या बसला पडदा नाही ना?"