दक्षिणेकडून आलेलं चित्र

हिवरवाडीत त्या रविवारी सकाळी देव दिसणार होते. म्हणून अख्खं गाव आंघोळी उरकून काकासाहेबांच्या अंगणात दाटलं होतं. बायकांच्या हातात आरतीची ताटं होती. ओसरीवर टेबल, टेबलावर टीव्ही आणि टीव्हीला झेंडूचा हार.

गाव पिशोरच्या पुढे, डोंगरात रुतलेलं. म्हैसमाळच्या मनोऱ्यावरून चित्रं सुटायला लागली, तसे गावात चार-सहा टीव्ही आले. पण बटण दाबलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. देवांची मालिका पिशोरात दिसायची, हिवरवाडीत नाही. ही उणीव हेरून गावात उतरले तरंगनाथ महाराज. भगवी कफनी, डोळ्यांवर काळा चष्मा, सोबत जीप आणि जीप चालवणारा शिष्य. देवमाणसाला जीप लागतेच, कारण कधीकधी लवकर निघावं लागतं.

"मायबाप हो," महाराज गरजले, "देव हवेत तरंगतेत! तुमच्या दारावरून रोज जातेत. पर देव काय कुणाच्याबी घरात शिरतो व्हय? त्याला वाट दाखवावी लागती!"

आणि त्यांनी घरावरच्या माळवदाकडे बोट केलं. तिथे उंच बांबू उभा होता. बांबूच्या शेंड्यावर तांब्याचं त्रिशूळ, उगवतीकडे तोंड केलेलं. त्रिशुळाच्या खाली भगव्या फडक्यात गुंडाळलेलं एक मोठं गाठोडं. "त्यात काय हाय, इचारू नका. त्यात शक्ती हाय."

लिंबू कापलं गेलं. घंटा वाजली. "सोड लहर!" महाराज ओरडले आणि शिष्यानं बटण दाबलं. मुंग्या नाहीत. चक्क मुकुट घातलेले देव, बोलणारे! अंगणात नारळ फुटले. एका म्हातारीनं टीव्हीलाच कुंकू लावलं.

"महाराज," हॉटेलवाले मजीदभाई मागून म्हणाले, "मौसम की खबर बी आती क्या इसमें, के खाली भगवानच?"

"गप ऱ्हा मजीद," काकासाहेब गुरगुरले. गावात पहिलं चित्र त्यांच्या घरात आलं होतं. त्यांची मान त्रिशुळाहून ताठ झाली होती.

मग ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी, दक्षिणा घेऊन, मंतरलेलं त्रिशूळ गाठोड्यासकट गेलं आणि देव दिसू लागले. द्वारकाबाईंनीही घेतलं. त्यांचा मुलगा बन्सी यानं माळवदावर चढून ते उगवतीकडे तोंड करून बांधलं. दक्षिणेकडे तोंड करायचं नाही, ही महाराजांची सक्त ताकीद. ती नसती तरी कुणी केलं नसतं. ज्या गावात घराचं दारसुद्धा दक्षिणेला ठेवत नाहीत, तिथे देवाची वाट त्या बाजूला कोण काढेल?

बटण दाबलं. मुंग्या.

महाराज आले. घरभर हुंगत फिरले. चुलीपाशी थांबले. "सून कुठली?"

"गंगापूरची," द्वारकाबाई म्हणाल्या.

महाराजांनी कानांना हात लावले. "गंगापूर कुठं आलं? दक्षिणेला! यमाच्या दिशेनं आलेली बाई घरात, अन् देवानं तुमच्याकडं यावं म्हणता? तिला पुढच्या रविवारी माहेरी लावून द्या. मग बघा चित्र."

सून म्हणजे सरूबाई. दहा वर्षं त्या घरात राबलेली. त्या दहा वर्षांत तिची दिशा कुणाला खटकली नव्हती. द्वारकाबाईंनी तिची पत्र्याची पेटी भरून ठेवली. आईनं जायचं, लेकीनं इथंच राहायचं, असं ठरलं. बन्सीनं काय केलं? खाली मान घालून तंबाखू मळली.

ती लेक, भागू, माझ्या वर्गात तिसरीत होती. मी तेव्हा हिवरवाडीच्या शाळेवर मास्तर होतो. भागूनं मधेच हात वर केला. "गुरुजी, माझी आई गेली तर चित्र येतं का?"

मी फळ्यावरची बेरीज तशीच ठेवली. दारं-खिडक्या लावून घेतल्या, पाट्यांचा ढीग रचून डोंगर केला, ढिगात एक फट ठेवली. पलीकडे बॅटरी लावली. अलीकडे मुलांनी खडे मांडून गाव केलं, गावातलं टेकाडही केलं.

"ही बॅटरी म्हणजे मनोरा. ही फट कोणती?"

"म्हसोबाची खिंड!"

"उजेड कुणाच्या घरावर पडलाय?"

मुलं वाकून बघू लागली. "काकासाहेबांच्या, गुरुजी. त्यांचं घर वर हाय ना. आमचं टेकाडाच्या आड हाय," भागू म्हणाली. "आमच्यावर सावली."

"मनोरा कोणत्या दिशेला?"

"दक्षिणेला."

"आणि महाराजांच्या त्रिशुळाचं तोंड?"

"उगवतीला." भागूनं कपाळाला आठ्या घातल्या. "मग ते काय बगलेनं चित्र धरतं का, गुरुजी?"

वर्ग खो खो हसला. जे तिसरीच्या मुलीला खटकलं, ते अख्ख्या गावात एकालाही खटकलं नव्हतं.

पुढच्या रविवारी पुन्हा काकासाहेबांचं अंगण. सरूबाई कडेला उभी होती, पेटी पायाशी. पिशोरला जाणाऱ्या बैलगाडीची वाट बघत होती. मी महाराजांना नमस्कार घातला. "महाराज, मनोरा दक्षिणेला, त्रिशूळ पूर्वेला. त्या फडक्यात काय आहे, पोरांना दाखवा की."

"फडकं काढंल त्याचे डोळे जातील!"

गर्दी मागे सरकली. मजीदभाईही सरकले. "गुरुजी, आंखां तो मेरे को बी प्यारी हैं."

मी शिडीकडे निघालो. पण माझ्याआधी सरूबाईनं शिडी धरली.

"सरू, खाली उतर!" द्वारकाबाई किंचाळल्या.

"काहून, आत्याबाई? लेक हितं अन् मी गंगापूरला. हे डोळे ठिऊन मला आता काय बघायचंय?"

ती वर चढली आणि एका हिसक्यात फडकं ओढलं. आत शक्ती नव्हती. शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळतो तसा ॲल्युमिनियमचा अँटेना होता, माशाच्या काट्यासारखा. त्याचं तोंड सरळ खिंडीकडे, म्हणजे दक्षिणेला. टीव्हीची चपटी वायर त्यालाच जोडलेली. त्रिशूळ बिचारं सुतळीनं नुसतं बांधलेलं.

"चित्र गेलं का?" तिनं वरून विचारलं.

"नाय! हाय की!"

तिनं त्रिशूळ सोडवून अंगणात फेकलं. "आता?"

"हायच!"

"आता महाराज म्हणतेत तसं करते." तिनं बांबू फिरवून अँटेनाचं तोंड उगवतीला केलं.

"मुंग्या! मुंग्या!" पोरं ओरडली. तिनं तो पुन्हा दक्षिणेला फिरवला. देव परत आले. त्यांना यमाची भीती वाटत नसावी.

"देव कोपले!" म्हणत महाराजांनी जीपकडे धाव घेतली. काळा चष्मा मागे पडला. मजीदभाईंनी तो उचलून हाक मारली, "महाराज, आंखां तुम्हारीच रह गई इधर!"

गर्दी पांगली, तेव्हा बन्सी माझ्यापाशी आला. मान अजून खालीच. "गुरुजी, आमच्या घराला मग चित्र येणारच नाय व्हय?"

"घराच्या मागं कडुलिंबाचं झाड आहे ना? चढ. जिथून खिंड दिसेल तिथून सांग."

तो चढत गेला, चढत गेला आणि शेंड्यापाशी ओरडला, "दिसली! खिंड दिसली!" जास्त काड्यांचा लांब अँटेना आणून तिथेच बांधला. खालून सरूबाई सांगत होती, "अजून जरा गंगापूरकडं फिरवा." चित्र आलं तेव्हा द्वारकाबाईंनी माफीबिफी मागितली नाही. "सरू, आवाज वाढीव गं," एवढंच म्हणाल्या. टेबल नव्हतं म्हणून टीव्ही इतके दिवस जमिनीवरच होता. सरूबाईनं पेटीतली लुगडी काढून खुंटीवर टाकली, पेटी भिंतीला लावली आणि टीव्ही तिच्यावर ठेवला. पेटी पुन्हा हलली नाही.

मुलांनो, डोंगराला यम कळत नाही, माहेर कळत नाही, मंत्रही कळत नाही. तो फक्त आड येतो. आड काय आलं आहे ते शोधा, उंच चढा, तोंड योग्य दिशेला करा. आणि कुणी सांगितलं की तुमच्या घरातलं माणूसच आड आलंय, तर आधी त्या सांगणाऱ्याचं फडकं ओढून बघा.