सारसाचं पान

आमच्याकडे नॅशनल पार्क म्हणजे बोरिवलीचं. मीरा रोडला विचारा, भाईंदरला विचारा, दुसरं कुठलं नॅशनल पार्क असतं हे कुणाच्या गावीही नाही. फक्त आमच्या मुर्धा गावातल्या घरात, दिवाळीपासून, नॅशनल पार्क म्हणजे भरतपूर झालं होतं. आणि ते केलं माझ्या सासऱ्यांनी.

काशीनाथबाबांचा जन्म मिठागरात गेला. एक डोळा मागेच गेलेला. दुसऱ्याच्या पडद्याला सूज, म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. डोळ्यात सुई! नुसतं ऐकून माझे हातपाय गार पडतात. बाबा मात्र न्हाव्याकडे दाढीला बसावं तसे जाऊन बसायचे.

मेडिकलवाल्याने दिलेल्या कॅलेंडरच्या नोव्हेंबरच्या पानावर सारसाची जोडी होती. तळ्याच्या पाण्यात उभी, राखाडी अंग, लालभडक मान, उंची माणसाएवढी. खाली बारीक अक्षरात भरतपूरचं नाव. बाबा रोज सकाळी चहा घेऊन त्या पानासमोर उभे.

"आगरात येवडे पक्षी बघले, पन ह्यो कदी न्हाय आला," एक दिवस म्हणाले. "मना ह्यो बघाचा हाय, सुचेता. डोला हाय तवर."

जन्मात या माणसाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी गप जेवतात, आणि तेही मिठागरवाले! मी म्हटलं, नेणार म्हणजे नेणारच.

मग काय, घरात दुसरा विषय नाही. माझा नवरा स्वप्नील रात्री जेवताना मोबाइलवर व्हिडिओ लावायचा. तिथे म्हणे सायकलरिक्षावाले तळ्यांच्या बांधावरून फिरवतात आणि पक्षी दाखवतात. मी तळमजल्यावरची खोली शोधली, थंडी फार असते म्हणून बाबांना कानटोपी आणली. बाबा ती घालून गावात फिरले, भर दुपारी, घाम गाळत! शेजारचे बबनकाका हसून लोटपोट. "नॅशनल पार्कला कानटोपी? आणि बॅग कशाला भरताय? रिक्षा करा की मुकाट!" आम्हीही हसलो. हसण्यासारखंच होतं तेव्हा.

इंजेक्शननंतर काही दिवस धूळ नको, पाणी नको, असं असतं. प्रवासात ते कसं जमायचं? म्हणून स्वप्नीलने डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर होता, मी तिथेच बोंबील साफ करत होते.

"डॉक्टर, बाबांना नॅशनल पार्कला न्यायचंय, पक्षी बघायला. इंजेक्शन आल्यावर घेतलं तर चालेल?"

"बोरिवलीलाच ना?"

"हो हो, बोरिवलीहूनच."

गाडी बोरिवलीहूनच होती हो! राजस्थानची गाडी आम्ही आणखी कुठून पकडणार?

"मग न्या की. फिरून आले की लगेच घेऊन या."

मी ऐकलं. मला काही म्हणजे काही खटकलं नाही.

रिझर्वेशन मिळालं ते डिसेंबरच्या मध्यावरचं. इंजेक्शनची तारीख आली नि गेली. क्लिनिकमधून मेसेज आला, तर स्वप्नीलने उत्तर टाकलं, 'नॅशनल पार्क झाल्यावर येतो.' तिकडून अंगठा आला. डिसेंबर लागला तरी बाबा कॅलेंडरचं पान उलटू देईनात. मला संकष्टी कधी ते कळेना, मी चिडचिड करायचे, आणि ते म्हणायचे, "बघून येव, मंग उलट."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा मोरीसमोरच्या आरशात बघत उभे होते. बराच वेळ.

"सुचेता, माजा तोंड कुनी पुसला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी हाताने आरसा चाचपला.

तसेच क्लिनिकला धावलो. डॉक्टरांनी डोळा तपासला, परत तपासला. आत रक्त उतरलं होतं. "इंजेक्शन का चुकवलंत?" ते म्हणाले. स्वप्नील म्हणाला, "तुम्हीच तर म्हणालात, नॅशनल पार्क करून या. उद्याचीच गाडी आहे." डॉक्टर म्हणाले, "कुठली गाडी? मला वाटलं, रविवारी बोरिवलीला जाल आणि सोमवारी माझ्याकडे याल."

मला भांडायचं होतं, पण भांडू कुणाशी? डॉक्टरांशी? स्वप्नीलशी? तो तर भिंतीला टेकून रडत होता. सगळ्यांनी बरोबर तेच शब्द वापरले होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पण मधली नजर परत येणार नाही, कडेकडेचं थोडं दिसत राहील, असं सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "थोडे दिवस जाऊ द्या, मग कुठेही न्या यांना. आता प्रवासाने काही बिघडणार नाही." हीच परवानगी तर आम्ही फोनवर मागितली होती.

गाडी अर्थातच चुकली. तिकिटं रद्द केली. बाबा कुणावर रागावले नाहीत, आणि त्याचाच मला राग येतो. आठवड्याने मी भाकऱ्या थापत होते, तर हाक आली.

"मना कलला आता," ते म्हणाले. "समोर बघला का जाता. बाजूला बघला का दिसता. ता कॅलेंडर धर बघू."

मी पिठाच्या हाताने कॅलेंडर खिळ्यावरून काढून धरलं. बाबांनी माझ्याकडे नाही, पानाकडे नाही, बाजूच्या फ्रिजकडे मान वळवली. डोळा बारीक केला. मी पान वर केलं, खाली केलं, जवळ नेलं. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला, तरी मी हलले नाही.

"दिसला!" ते एकदम म्हणाले. "लाल हाय!"

मी पानाकडे पाहिलं. सारसाची मान लाल होती. त्याच्या खाली रविवारच्या तारखाही लाल होत्या, आणि बाबांचं बोट तारखांवर होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "मानच आहे ती."